डाव्या हाताला जमेल अशी बॅट

लकवा येऊन गेल्यापासून शोभाताईंनी एक सवय लावून घेतली होती. दाराची बेल वाजली की त्या आतल्या खोलीत जायच्या. उजवा पाय ओढत का होईना चालायचा, पण उजवा हात पार रुसून बसला होता. बोटं मिटली की उघडायची नाहीत, उघडली की मिटायची नाहीत. येणारा-जाणारा त्या हाताकडे बघून 'अरेरे' म्हणायचा, आणि त्या 'अरेरे'चा शोभाताईंना भारी संताप यायचा. याच हातानं त्यांनी नोकरीत असताना टेबल टेनिसच्या विभागीय स्पर्धा गाजवल्या होत्या. अमरावतीच्या खेळाडू बायका सामन्यांच्या यादीत त्यांचं नाव दिसलं की तोंड वाकडं करायच्या.

त्या दिवशी आत जायला उशीर झाला. वामनरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, दार उघडलं आणि दारात सत्यशीला उभी. पांढरकवड्यात यांच्याच गल्लीत राहणारी, रोज केळापूरच्या शाळेत शिकवायला जाणारी, खणखणीत आवाजाची बाई.

"ताई, आता लपू नका. मी पाह्यलं तुम्हाले," ती चपला काढता काढताच म्हणाली.

शोभाताई नाइलाजानं खुर्चीत बसल्या.

सत्यशीलेचं काम साधं होतं. यवतमाळातल्या एका क्लबानं आपलं जुनं टेबल शाळेला देऊन टाकलं होतं. टेबल आलं, नेट आली, बॅटी मात्र नव्हत्या. गावानं वर्गणी गोळा केली होती. "मी तं आजवर बॅट हातातही नाही धरली. आठवड्याच्या बाजारातून दोन स्वस्तातल्या आणल्या, तं बॉल रबरावरून घसरूनच जाते. चार दिवसांत रबरही सोलून हातात आलं. पोरांसाठी कोणत्या बॅटी घ्यायच्या, तेवढं सांगा. बाकी काही मागत नाही मी."

शोभाताईंना हा विषयच नको होता. त्यांनी वामनरावांना कपाटातली आपली बॅट काढायला लावली. कातडी कव्हरमधली, नागपूरहून मागवलेली, स्पर्धेची बॅट. "ही घेऊन जा. हिच्यासारख्याच घ्या. मला आता हिचं काय करायचंय?"

सत्यशीला बॅट घेऊन गेली, आणि पुढच्या रविवारी परत आली. सोबत दोन वेण्यांची, काडीसारख्या हातांची एक पोरगी होती. "ही मोनाली. पाचवीत आहे. तुमच्या बॅटची तक्रार घेऊन आली."

"तक्रार?" शोभाताईंच्या भुवया वर गेल्या.

मोनालीनं बॅट टेबलावर ठेवली. "हे बॅट बदमाश हाय," ती म्हणाली. "हळूच लावलं तरी बॉल आढ्याले जाऊन लागते. आमच्या वर्गातला अश्वजित म्हणे, हे खेळाचं नाई, कबुतरं उडवाचं हाय."

"मोनाली!" सत्यशीला ओरडली.

"खरंच तं सांगून राह्यली मी! यायले म्हणा, तुम्हीच करून दाखवा."

सत्यशीलेनं पोरीचं मनगट धरून तिला मागे ओढलं. वामनराव पेपरात डोकं खुपसून बसले. शोभाताईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि बॅट उचलली.

"टाक बॉल," त्या म्हणाल्या.

मोनालीनं जेवणाच्या टेबलावर बॉलचा टप्पा दिला. शोभाताईंनी बॅट नुसती पुढे धरली होती. तरी बॉल सुसाट निघाला, वामनरावांच्या पेपरावर आपटला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांमागे गडप झाला.

"पाहा!" मोनाली टाळ्या पिटत हसली. "तुमचाही गेला!"

लकवा आल्यापासूनच्या सगळ्या वर्षात शोभाताईंना कोणी हसलं नव्हतं. कीव केली होती, धीर दिला होता, हळू आवाजात विचारपूस केली होती. हसलं कुणी नव्हतं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं भलतंच. कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटलं.

त्यांनी पुन्हा बॉल मागितला. पुन्हा तो उडाला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं ते असं की, ही बॅट शिकलेल्या मनगटासाठी होती. तिच्या जाड स्पंजात वेग ठासून भरलेला होता. तो आवरायला वर्षांची सवय लागते. ती सवय उजव्या हाताला होती. हा डावा हात मोनालीच्या हाताइतकाच कोरा होता.

"मी चुकीची बॅट दिली तुम्हाला," त्या सत्यशीलेला म्हणाल्या. "आता मी स्वतः येते यवतमाळला. दुकानात धरून बघितल्याशिवाय एकही घ्यायची नाही."

रात्री वामनरावांनी समजावून पाहिलं. "फोनवरून मागव ना. आजकाल सगळं घरबसल्या येतं."

"फोटोत वजन कळतं का?"

"एसटीच्या पायऱ्या उंच असतात, शोभा."

"चढीन."

"पडलीस तर?"

"उठीन. तुम्ही बरोबर चला, नाहीतर मी सत्यशीलेसोबत जाते."

वामनराव गेले नाहीत. त्यांना वाटलं, ऐनवेळी बेत रद्द होईल. सकाळी काठी टेकत शोभाताई रिक्षात बसल्या, तेव्हा ते दारात दुधाची पिशवी घेऊन नुसते बघत राहिले.

एसटीच्या पायऱ्यांवर सत्यशीलेनं मागून आधार दिला आणि मोनालीनं वरून हात. तिघींनी शेवटच्या बाकावर धक्के खात यवतमाळ गाठलं. दत्त चौकाच्या अलीकडे शामचं खेळसाहित्याचं दुकान होतं. शाम शोभाताईंना जुन्या दिवसांपासून ओळखायचा. काठी बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि 'अरेरे' त्याच्या ओठांवर येणार, तोच शोभाताई म्हणाल्या, "शामभाऊ, नवशिक्या पोरांसाठी बॅटी दाखवा. परवडतील अशा. आणि काचेवर एक बॉल ठेवा."

शामनं आधी खेळण्यातल्या काढल्या. प्लास्टिकच्या पिशवीत जोडी, वर कार्टूनचं चित्र. शोभाताईंनी एक डाव्या हातात धरली आणि तिच्यावर बॉल उडवायला सुरुवात केली. रबर गुळगुळीत, स्पंजाचा पत्ताच नाही. बॉल टकटक वाजत कडेला घसरायचा. त्यांनी बॉल रबरावर घासून पाहिला. तो जराही धरला जात नव्हता. "पोर कितीही नीट मारो, ही बॅट बॉलला वळणच देणार नाही. चुकीचं शिकवील. नको."

मग शामनं खालच्या कप्प्यातून भारी माल काढला. "ताई, तुमच्या नावाले हे शोभते. अहो, तुम्ही घ्याल तं लोकं काय म्हणतील? हे पाहा, काय वेग आहे!"

"वेग घरी आहे. त्यानं माझी भांडी पाडली."

मोनाली खुदकन हसली.

मधल्या कप्प्यात साध्या दिसणाऱ्या बॅटी होत्या. पातळ स्पंज, रबर थोडं चिकट, लाकूड हलकं. शोभाताईंनी एक घेतली. पहिल्याच झटक्यात बॉल खाली पडला. मोनालीनं उचलून दिला. पुन्हा पडला. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. क्रिकेटचे पॅड बघायला आलेला एक माणूस हातातलं काम सोडून टक लावून बघायला लागला. शोभाताईंच्या कानशिलांना घाम फुटला. सत्यशीला हळूच म्हणाली, "ताई, राहू द्या. शामभाऊ म्हणतात तशा घेऊन टाकू."

"नाही."

बॉल पुन्हा पडला, पुन्हा आला. त्यांनी मनगट सैल केलं, कोपर पोटाशी घेतला. हळूहळू बॉल बॅटवर थांबायला लागला. एकदा, मग पुन्हा, मग सलग. तो उसळत होता, पण हाताबाहेर जात नव्हता. हात चुकला की बॅट थोडं सांभाळून घेत होती, आणि हात बरोबर पडला की तेही कळत होतं.

"मागच्या गोदामात भिंत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"भिंत आहे, पण ताई, तिकडं खोकी पडले आहेत."

"खोकी सरकवा."

शाम मान हलवत खोकी सरकवायला गेला. शोभाताई काठी सत्यशीलेकडे देऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या. पाय थरथरत होता. त्यांनी बॉल भिंतीवर मारला, तो परत आला, त्यांनी परत मारला. नंतर मोनालीला उभं केलं. पोरीनं दात-ओठ खाऊन बॅट धरली आणि तिचाही बॉल परत आला. मोनालीनं मागे वळून पाहिलं, डोळे मोठे करून.

"हे बदमाश नाई," ती म्हणाली.

पण शोभाताईंचं एवढ्यानं भागलं नाही. त्यांनी पेटीतल्या सगळ्या बॅटी एकेक करून मोनालीच्या मुठीत दिल्या. जिथं मूठ पुरी वळेना, ती जाड दांड्याची बाजूला. जी हातात जड लागली, ती बाजूला. कडेचं रबर नखानं उचकटून पाहिलं. एकीचं टोक सुटलेलं निघालं, तीही बाजूला. शामनं हात जोडले. "ताई, तुम्ही तं सोयरीक जुळवल्यासारखं पाहून राह्यल्या!"

"सोयरीक एकदाच पाहतात," शोभाताई म्हणाल्या, "पोरांना ही रोज धरायची आहे."

वर्गणीत आठ बॅटी बसल्या.

केळापूरच्या शाळेत पिशवी उघडली तेव्हा शाळा समितीचे भगवानराव हजर होते. वर्गणीत त्यांचा वाटा मोठा, म्हणून त्यांचा शब्दही मोठा. त्यांनी एक बॅट उलटीपालटी करून पाहिली.

"हे तं सादेच दिसते. आम्हाले वाटलं, एवढ्या नावाजलेल्या बाई गेल्या तं भारी काही आणतील. सव्वीस जानेवारीले पाहुणे येतील, त्यायले काय दाखवाचं? आठ परत करा अन् दोन चांगल्या घ्या, मखमली पेटीतल्या."

सत्यशीला बॅटी परत पिशवीत भरायला लागली. तिला याच समितीसमोर रोज उभं राहायचं होतं. शोभाताई काठीवर भार देऊन उठल्या.

"दोन घेतल्या तर दोन पोरं खेळतील, भगवानराव, आणि बाकीची बघत बसतील. बघणारे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. अन् त्या दोन बॅटींवर या पोरांचा बॉल एक दिवस टेबलावर पडणार नाही. मग ती म्हणतील, हा खेळ आपला नाही."

"पण पाहुणे..."

"पाहुण्यांना पोरं खेळताना दाखवू. बॅटी परत जाणार नाहीत. आणि मी आठवड्यातून तीनदा येणार आहे शिकवायला."

हे शेवटचं वाक्य त्यांनी आधी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून गेलं आणि मग त्यांनाच ऐकू आलं. सत्यशीला त्यांच्याकडे बघतच राहिली.

भगवानराव तोंड फुगवून निघून गेले. जाताना म्हणाले, "पाहू किती दिवस येता."

शोभाताई येत राहिल्या. पहिले काही दिवस वामनराव रिक्षावाल्याला दहा सूचना द्यायचे. मग एक दिवस स्वतःच सोबत आले आणि बॉल गोळा करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. पोरांचे बॉल खिडकीतून तुरीच्या वावरात जायचे आणि निम्मे सापडायचेच नाहीत. एका सकाळी सगळे आले तर खिडक्यांना बारीक जाळी बसवलेली. कोणी बसवली म्हणून विचारलं तर शिपाई म्हणाला, भगवानरावांचा माणूस आला होता, पण सांगू नका म्हणून सांगितलं आहे.

शोभाताई डाव्या हातानंच शिकवायच्या. त्यांना स्वतःलाच अजून सगळं येत नव्हतं, त्यामुळे पोरांना ते अवघड का जातं हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं. अश्वजित बॅट फावड्यासारखी धरायचा. त्याला त्यांनी आपली बोटं कशी चुकतात ते आधी दाखवलं. कधी कधी उजव्या हातात बॉल ठेवून सर्व्हिस करायचा प्रयत्न करायच्या. बोटं उघडायची नाहीत, बॉल आतच अडकून राहायचा, आणि पोरं श्वास रोखून वाट बघायची. थंडीच्या सुरुवातीला एकदा बोटं उघडली. बॉल वाकडातिकडा वर गेला, सर्व्हिस नेटमध्ये पडली, आणि पोरांनी स्पर्धा जिंकल्यासारखा गलका केला. वामनराव उगाचच चष्मा पुसत बसले.

मोनाली मात्र गलक्यात फार रमणारी नव्हती. तिला शोभाताईंना हरवायचं होतं, आणि ते ती कुणापासून लपवतही नव्हती. रोज शेवटी तिला एक डाव हवा असायचा, रोज ती हरायची, पाय आपटायची आणि दुसऱ्या दिवशी पहिली हजर असायची. सव्वीस जानेवारीला पाहुणे आले, भाषणं झाली, मग टेबल बाहेर काढलं गेलं. भगवानरावांनीच माइकवरून नावं पुकारली. समोर शोभाताई, इकडे मोनाली.

डाव अटीतटीचा झाला. शोभाताईंनी तिला एकही गुण सोडला नाही; सोडला असता तर पोरीनं ओळखलं असतं. शेवटचा बॉल मोनालीनं कोपऱ्यात असा हळू सरकवला की शोभाताईंचा ओढणारा पाय तिथवर पोचलाच नाही. सारं मैदान ओरडलं. सत्यशीला तर नाचायचीच बाकी राहिली.

हरल्याचा राग शोभाताईंच्या छातीत जुन्यासारखाच चरचरला. किती दिवसांनी! त्यांनी बॅट टेबलावर ठेवली, टेबलाला टेकवलेल्या काठीनं घरंगळणारा बॉल अडवला, टेबलाच्या कडेला कंबर टेकवून वाकल्या आणि डाव्या हातानं स्वतः उचलला.

"अजून एक डाव," त्या म्हणाल्या. "सर्व्हिस माझी."

"नाई जी," मोनालीनं हात पुढे केला. "मागच्या डावात पह्यली तुमची होती. आता माह्यी."

शोभाताईंनी क्षणभर आठवून पाहिलं. पोरीचं बरोबर होतं. त्यांनी बॉल तिच्याकडे टाकला आणि गुडघे वाकवून तयार उभ्या राहिल्या.