क्लॅरिनेटसाठी लागणारा दम

विद्यापीठाच्या वाद्यवृंदातून दोन वर्षांत चार मुलं गळाली. वाजवणं जमत नव्हतं म्हणून नाही. घरून येणारे पैसे थांबले आणि ती मजुरीला गेली. वृंद बसवणाऱ्या जया मॅडमनी मग ठरवलं, मुलांसाठी शिष्यवृत्ती आपणच उभी करायची. पहिला कार्यक्रम भद्रावतीतल्या एका मंडळानं ठेवला. यंदा गरज तिघांना होती: क्लॅरिनेट वाजवणारी मयुरी, व्हायोलिनवाली रोशनी आणि ढोलकीवाला पवन.

पडदा उघडायच्या आधी मंडळाचे अध्यक्ष मयुरीजवळ आले. "बेटा, आधी घरची परिस्थिती सांग. बाप मासे मारते, घर कसं चालते, सारं. लोकाइच्या डोळ्यात पाणी आलं की हात सैल होते."

मयुरीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. तिचे वडील मुखरू धानोऱ्याकडच्या गावाहून बस बदलत आले होते. इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत ताठ बसले होते.

"मॅडम, मी नाई सांगत," ती शेजारी उभ्या असलेल्या जया मॅडमना म्हणाली. "माहा बाबा समोर बसून राह्यला."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. जया मॅडम जरा घुटमळल्या. पैसे त्यांनाही हवेच होते. "मग काय सांगशील?"

"क्लारनेट कशी शिकली, ते सांगतो."

माइकसमोर ती बोलू लागली. "माहा डोमाकाका लग्नाच्या बँडमधी क्लारनेट वाजवे. तो म्हणे, तुह्या छातीत दम नाई, तुले नाई जमत. मंग बाबानं मले तलावावर नेलं. जाळं बुडातल्या खुंटाले अडकलं का मी बुडी मारून सोडवत होती. मी वर येतवरी बाबा डोंग्यात बसून आकडे म्हणे. रोज थोडे जास्त. हा दम त्याचा आहे."

मग तिनं वाजवलं. एक सूर तिनं इतका लांबवला, की सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मुखरूंचे ओठ हलत होते. ते आकडे म्हणत होते.

कुणी रडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जमेल तसं दिलं. ते दोघींपुरतं झालं. बाहेर आल्यावर जया मॅडमनी पवनला तसं स्पष्ट सांगितलं.

"चालते मॅडम," तो म्हणाला, पण ढोलकीवरची नजर त्यानं उचलली नाही.

मुखरू बाजूलाच उभे होते. "बाई, आमच्या गावात काऊन नाई ठेवत कार्यक्रम?"

"मुखरूभाऊ, गावात लोकांनी कुठून द्यायचं?"

"पैसे नसन. पण धान निघालं आहे. दोन पायल्या धान कोणीबी देते."

पंधरा दिवसांनी गावच्या शाळेसमोर, दुपारच्या उन्हात, सगळा वृंद बसला. मयुरीच्या आईनं, वच्छलाबाईनं, पटांगणाच्या कडेला ताडपत्री अंथरली. बाया टोपल्यांतून, पोरं डब्यांतून धान आणत होती. एक म्हातारी ओंजळभरच घेऊन आली, पवनसमोर बसली आणि म्हणाली, "वाजव ना, थांबला काऊन?"

पवननं डोळे पुसले आणि ठेका धरला. ऊन उतरेपर्यंत तो थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधल्या पोत्यांवर बसून तो स्वतः धान विकायला धानोऱ्याला गेला, आणि सोमवारी वसतिगृहाची फी भरून तालमीला वेळेवर हजर झाला.