छातीतला दुसरा श्वास

रंग उजळवणाऱ्या ग्लुटाथायोनची सलाईन घेतल्याशिवाय मी पाचोऱ्याला परत जाणार नाही, हे सपनाने डॉक्टर पुनम तायडेंच्या समोर बसता बसताच सांगून टाकलं.

जळगावातल्या त्या दवाखान्यात लग्नसराईच्या आधी अशा मुली यायच्याच. पुनम प्रत्येकीला समोर बसवून तेच सांगायची. हे औषध म्हणजे जादू नव्हे. रंग उजळेलच याचा भरवसा नाही, उजळला तरी टिकेल असं नाही, आणि शिरेतून दिलेलं औषध एखादीच्या अंगावर असं उलटतं की जिवावर बेततं. लिव्हर, किडनी, थायरॉईड तपासल्याशिवाय ती सुईला हात लावत नसे. निम्म्याअधिक मुली तेवढं ऐकूनच घरी जायच्या.

सपना मात्र दुसऱ्या खेपेला सगळे रिपोर्ट घेऊन आली. रिपोर्टमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. तुला किंवा घरात कुणाला दमा आहे का, कधी कुठलं औषध बाधलंय का, असं पुनमने विचारलं तेव्हा प्रश्न पुरा व्हायच्या आतच तिचं "नाही" येत गेलं. पुनमला ते जरा खटकलं. पण खटकण्यापलीकडे हाताशी काही नव्हतं.

सोबत तिची आई होती, भिकुबाई. बाई अगदी चणीने लहान, तोंडातून शब्द नाही. कसली सलाईन असं तिने घरी विचारलं तेव्हा रक्तवाढीची, असं लेकीने तिला सांगितलं होतं. आतल्या खोलीत सिस्टरने पलंगाजवळ खुर्ची ओढून दिली, तर ती मागे सरकून भिंतीला टेकून उभी राहिली.

भर दुपार होती. बाहेर उन्हाने रस्ता ओस पडला होता. पुनमने ऑक्सिजनचा सिलेंडर उघडून पाहिला, तातडीची औषधं ट्रेमध्ये आहेत ना ते पाहिलं आणि आधी नुसती साधी सलाईन सावकाश सुरू केली. औषध मिसळण्याआधी ती पेशंटची छाती तपासायची. नीट ऐकू यावं म्हणून तिने एसी बंद करायला लावला आणि सपनाच्या पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला.

डाव्या बाजूला, खाली, शिटीसारखा आवाज होता. दम्याचा असतो तसा, बारीक आणि ओढलेला.

हिने खोटं सांगितलं, एवढंच आधी पुनमच्या मनात आलं. पण कान देऊन ऐकल्यावर तिला वेगळंच काही जाणवलं. सपना श्वास आत घेत होती तेव्हा ती शिटी बाहेर पडत होती. सपना सोडत होती तेव्हा ती आत ओढली जात होती. दोन्हीचा मेळ बसत नव्हता.

"सपना, श्वास रोखून धर," पुनम म्हणाली.

सपनाने श्वास रोखला. तिची पाठ हलायची थांबली. आणि पुनमच्या कानात तो श्वास चालूच राहिला. कुणीतरी अरुंद जागेतून हवा ओढत होतं, पुरत नव्हती म्हणून पुन्हा ओढत होतं. नळीत काही बिघाड असेल म्हणून तिने सिस्टरचा स्टेथोस्कोप मागून घेतला. त्यातही तेच. मग तो श्वास अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. पुरा झालाच नाही.

तेवढ्यात सिस्टरने औषधाची बाटली फोडली. गंधकासारखा, नासक्या अंड्यासारखा उग्र वास खोलीभर पसरला. भिंतीशी उभी असलेली भिकुबाई पुढे आली आणि तिने सिस्टरचा हात धरला.

"हाऊ वास माले माहीत शे," ती म्हणाली.

मग खालच्या आवाजात तिच्या तोंडून सगळं बाहेर आलं. सपनाची थोरली बहीण रत्ना. धुळ्याच्या योगराजशी तिचं लग्न ठरलं होतं. तिथल्याच एका पार्लरच्या मागच्या खोलीत तिने ही सलाईन घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही, रंगही जरा उघडल्यासारखा दिसला. पुढच्या खेपेला गिऱ्हाइकांची गर्दी होती, म्हणून पार्लरवालीने धार मोठी केली. रत्नाची छाती वाजायला लागली. तिथे ना डॉक्टर, ना ऑक्सिजन. रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचली तेव्हा भिकुबाईच्या मांडीवरचं डोकं जड झालं होतं. रत्नाला लहानपणापासून दमा होता. होणाऱ्या सासरी कळू नये म्हणून तो लपवला होता, आणि सासरपासून लपवायचा म्हणून पार्लरमध्येही कुणी सांगितला नाही. सोयऱ्यांना तर ती हृदय बंद पडून गेली एवढंच कळवलं होतं.

आता त्याच योगराजशी सपनाचं ठरलं होतं.

"त्यांच्या बैठकीत अजून तिचा साखरपुड्यानंतरचा, शेवटचा फोटो लावलाय, मॅडम," सपना छताकडे बघत म्हणाली. "त्यात ती गोरी दिसते. सगळे आधी माझ्याकडे बघतात आणि मग फोटोकडे."

पुनमने तिच्या हातातली सुई काढली, कापूस दाबून धरला आणि फोडलेली बाटली फेकून द्यायला सांगितली. मग विचारलं, "तुला दम कधीपासून लागतो?"

"ती गेली तेव्हापासून," सपना म्हणाली. "पहाटे. कुणीतरी माझ्या आत बसून ओढतंय असं वाटतं."

पुनम शिक्षकाच्या घरात वाढली होती. भुताखेतांचं नाव काढलेलं तिच्या वडिलांना खपत नसे. ती छातीच्या डॉक्टरांना फोन लावायला बाहेर आली तर भिकुबाई तिच्या मागोमाग आली.

"तुमले ऐकू उनं ना?" तिने विचारलं. "मनी मोठी पोर. ती आठेच शे, धाकलीनी छातीमा." इथेच आहे, धाकटीच्या छातीत.

तपासणीत अनेकदा भलते आवाज येतात, असं काहीतरी पुनमला म्हणता आलं असतं. पण त्या बाईच्या डोळ्यांना डोळा दिल्यावर तिला ते म्हणवलं नाही.

"ऐकू आलं, अक्का," ती म्हणाली.

छातीच्या डॉक्टरांनी सपनाला यंत्रात फुंकर मारायला लावली. तिलाही दमा निघाला. त्यांनी इनहेलर सुरू केला. ते औषध शिरेतून गेलं असतं तर काय झालं असतं हे कुणी सांगू शकत नाही, पण दमा असलेल्या पेशंटला मी ते कधीच दिलं नसतं, असं पुनमने तिला स्पष्ट सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात सपना आईला घेऊन धुळ्याला गेली. योगराजच्या बैठकीत, त्या फोटोखाली बसून, तिने रत्ना कशाने गेली ते सांगितलं आणि स्वतःचा दमाही सांगितला. चहासुद्धा आला नाही. योगराज उठला, त्याने फोटो उतरवून उलटा ठेवला आणि आत निघून गेला. लग्न मोडलं. पण त्या घरातून निघताना पाठीवरचं कुणी उतरल्यासारखं वाटलं, असं सपनाने नंतर पुनमला सांगितलं.

पावसाळा सरल्यावर त्या दोघी पुन्हा जळगावला आल्या, नुसत्या भेटायला. सपना अंगाने भरली होती, तिची झोप सुधारली होती. पुनमने तिची पाठ तपासली. डावी बाजू, खालची बाजू, सगळीकडे एकच श्वास, स्वच्छ आणि लयीत.

"आता फक्त तुझाच आहे," पुनम म्हणाली.

सपनाने मान हलवली आणि ती ओढणीत तोंड लपवून रडायला लागली.

भिकुबाई मात्र जागची हलली नाही. तिने आधी लेकीच्या पाठीकडे पाहिलं, मग पुनमच्या गळ्यातल्या नळीकडे.

"आखो एकदाव देखा ना, ताई," ती हळूच म्हणाली. पुन्हा एकदा बघा.

पुनमने नळी परत कानात घातली, डोळे मिटले आणि ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ ऐकत राहिली.