एस्तेरचा खण

जतन करायचं आश्वासन दिलं त्याच्या तिसऱ्याच दिवशी नगरपालिकेनं जुनं कबरस्तान उचललं आणि कचेरीतल्या लोखंडी कपाटांत नेऊन ठेवलं. एकशे बारा कबरी, मातीसकट, एका खणात एक. चाळीस वर्षं तिथं पालिकेचा साधा झाडू फिरला नव्हता, पण आता शब्द दिला म्हणजे दिला.

सालोमीबाई सकाळी चुन्याची बादली घेऊन गेल्या, तर जागा पोळपाटासारखी सपाट. बादली तिथंच टाकून त्या तडक कचेरीत आल्या, एका पायात चप्पल नाही हे तिथल्या गार फरशीवर कळलं.

टेबलामागच्या खरमाळेबाई बशीत चहा ओतत होत्या.

"घाबरू नका मावशी, सगळे सुखरूप आहेत. कर्नलसाहेब वरच्या खणात, त्यांची मडम खालच्या. तिथं तरी भांडू नयेत म्हणून. तुमचं कोण?"

"माझी पोर. एस्तेर. अकरा महिन्यांची होती."

"नावाचा दगड?"

"दगड नव्हता. चारी बाजूंनी कौलं रोवली होती मी."

"म्हणजे बेवारसात. नऊ नंबरचं कपाट. बरं झालं आलात. बारा वाजता बेवारस खण रिकामे करायचेत. किल्ल्यावरची तोफ यायचीय, तीही जपायचीय ना."

"रिकामे म्हणजे?"

"म्हणजे रिकामे."

घड्याळात पावणेबारा झाले होते. खरमाळेबाईंनी अर्ज पुढं ओढला. नाव, नातं, लांबी. लांबीपाशी सालोमीबाईंनी कोपरापासून बोटांपर्यंत आपलाच हात टेबलावर दोनदा टेकवला.

"दोन हात."

"नक्की? ओढून मोजायचाय खण. लिहिलाय तेवढा निघाला तर पोर तुमची. कमीजास्त भरला तर बेवारस."

"एकतीस वर्षं सारवलीय मी ती कबर."

कपाट उघडलं तसा ओल्या मातीचा आणि घाणेरीच्या पानांचा वास आला. एक नाकतोडा उडून शाईच्या पॅडवर बसला. सालोमीबाईंनी कडेची कौलं लगेच ओळखली. "हीच," त्या म्हणाल्या आणि कडी धरून ओढू लागल्या. एक हात. दोन हात. पायाकडचं कौल इथंच यायला हवं होतं. आलं नाही. माती आत तशीच पुढं गेली होती.

खरमाळेबाईंनी झटकन पट्टी लावली. "झाले दोन. थांबा. सही करते."

"अजून आहे पुढं."

"असू दे." त्यांनी आवाज उतरवला. "कोण बघतंय मावशी? कडी सोडा. पोर हवीय ना?"

हवी होती. कडी सोडली की झालं होतं.

"बत्तिसावं लागलं असतं तिला," सालोमीबाई म्हणाल्या आणि त्यांनी ओढलं.

तीन हात. खरमाळेबाईंनी बशी उचलून छातीशी धरली. चार. इथली कौलं सालोमीबाईंची नव्हती. त्यांची आपली वेडीवाकडी, जमतील तशी. ही नवी होती, एका ओळीत रोवलेली, आणि रोवणाऱ्यानं कोपऱ्यातला कचराही वेचला होता. पाच हात. टेबल सरकलं, खुर्ची कलंडली.

"अहो मावशी, पुरे! काय लिहू मी आता?"

बाराचा भोंगा झाला. दारात तोफेचा गाडा येऊन थांबला आणि हमालांनी पाय पुसले. खरमाळेबाईंनी अर्जावरचे दोन हात खोडले, पेन तसंच धरून त्या बघत राहिल्या.

सालोमीबाईंची पाठ समोरच्या भिंतीला टेकली होती. दोन्ही हात त्यांनी कडीवरून कधीच काढले होते. खण येतच होता.