उत्तरेकडचं दीड फूट

"काका, दीड फूट हरवलंय."

मास्तर गडबडले. आपणच काही उचललं की काय, अशा थाटात त्यांनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "कुठलं दीड फूट, साहेब?"

"घराचं. बाहेरून लांबी एकतीस फूट. आतल्या दोन खोल्या आणि भिंतींची जाडी धरली तर साडेएकोणतीस. मग दीड फूट गेलं कुठं?"

साहेब म्हणजे घर तपासणारा इंजिनिअर. वय तिशीचं, हातात भिंतीवर लाल ठिपका टाकून माप सांगणारं यंत्र. आणि मास्तर म्हणजे टेलरमास्तर. चाळीस वर्षं पँट-शर्ट शिवून पाठीला बाक आलेला, गळ्यात टेप. बाहेर पडताना टेप काढून ठेवायचा असतो, हे सांगून सांगून बायकोची जीभ झिजली होती.

मास्तरांनी तोच टेप सोडला आणि उत्तरेकडची खोली स्वतः मोजली. ती यंत्राच्या मापापेक्षाही सव्वा इंचाने आखूड भरली. मास्तरांना बरं वाटलं. यंत्र बिघडलेलं असणार! इंजिनिअरने टेप हातात घेतला, आपल्या पोलादी टेपशेजारी धरला आणि हसला.

"काका, तुमचा टेप ताणलाय. साठ इंचांत अर्धा इंच जास्त. किती वर्षांचा आहे?"

"बारा," मास्तर पुटपुटले. बारा वर्षांत शिवलेले सगळे सदरे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. माणसाचं अंग आणि कापड दोन्ही एकाच टेपने मोजलं म्हणून कपडे बरोबर बसले, हे त्यांना घरी गेल्यावर सुचलं. त्या घटकेला मात्र डोक्याचा पार भुगा झाला होता.

मुळात घर तपासून घेणं ही काही त्यांची कल्पना नव्हती. ते राहायचे तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या. बायकोचे गुडघे गेल्यापासून ती आठवड्यातून एकदा खाली उतरायची, तीही मोहिमेवर निघाल्यासारखी. आता ती इमारतच पाडायची होती. तीन महिन्यांत जागा सोडा, अशी नोटीस आलेली. गाठीला होतं त्यात शहरात न्हाणीघरही आलं नसतं. मग गावातलं हे दोन खोल्यांचं घर कळलं. बायको एकदाच येऊन गेली. उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि म्हणाली, "अहो, दार उघडलं की जमीन! मला आणखी काही नको."

मास्तर तिथल्या तिथे हो म्हणणार होते. पण मेहुण्याने फोनवर झापलं. "दाजी, घर घेताय की कोथिंबीर? माणूस लावा, तपासून घ्या. हे कापड एकदाच कापायचंय!" कापडाचं उदाहरण दिल्यावर मास्तरांना पटलं. हे घर फसलं, तर दुसरं घ्यायला ना पैसा होता ना वय.

घर विकणारा म्हातारा गवंडी होता. सगळं गाव त्याला मिस्त्रीच म्हणे. हे घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं. आता बायको गेली, हात थरथरतात, म्हणून तो मुलीकडे राहायला जाणार होता. सकाळपासून तो इंजिनिअरच्या मागे मागे फिरत होता आणि इंजिनिअर खणखणीत आवाजात एकेक दोष वाचत होता.

"स्वयंपाकाच्या ओट्याजवळ फरशीला उतार."

"लिहा," मिस्त्री म्हणे.

"छपराच्या दोन वाशांना वाळवी."

"लिहा."

"मागच्या दाराची चौकट गुण्यात नाही. काटकोन चुकलाय."

"लिहा."

मास्तर शरमेने अर्धमेले झाले. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असला तर ते वहीत नुसतं एक टिंब देत. त्याच्या बायकोसमोर, पोरांसमोर चकार शब्द काढत नसत. शिवताना त्या बाजूला आतून थोडा कापूस भरायचा, कोट अंगावर चढला की दोन्ही खांदे सारखे. इथे हा पोरगा ज्याने घर बांधलं त्यालाच तोंडावर सांगत होता. आणि त्यासाठी त्याला आणलं होतं मास्तरांनीच.

दीड फुटाच्या प्रश्नावर मात्र मिस्त्री उंबऱ्याकडे बघू लागला. इंजिनिअरने उत्तरेच्या भिंतीवर बोटांची पेरं वाजवली. आवाज पोकळ आला.

"बाबा, इथं दोन भिंती आहेत?"

"आहेत," मिस्त्री म्हणाला. "बाहेरची मूळची. ही आतली मी नंतर घातली. मधे वीतभर जागा सोडली. बाहेरचीला ओल यायची."

"हिच्याखाली पाया?"

"नाही. फरशीवरच उभी केलीय."

"आणि वर तुळईला बांधलीत? अहो, ही खाली बसतेय आणि तुळईला ओढतेय. तुम्ही स्वतः गवंडी असून असं काम?"

मिस्त्रीने हातांकडे पाहिलं. "घाई होती," तो म्हणाला आणि अंगणात निघून गेला.

त्याच भिंतीवर एक डाग होता. जमिनीपासून साडेतीन फुटांवर, ताटलीएवढा, कडेने फिकट आणि मधे काळपट. इंजिनिअरने ओल शोधायचं यंत्र त्यावर टेकवलं. ते काही बोलेना. दोनदा, तीनदा टेकवलं. "ओल नाही म्हणतंय. पण डाग तर आहे," तो स्वतःशीच म्हणाला आणि फोटो काढला. मास्तरही बघत राहिले. असला डाग आपण हजारदा पाहिलाय असं त्यांना वाटत होतं, पण कुठे, ते आठवेना.

आठवड्याने अहवाल आला. एकतीस पानं! हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांचे चौकोन, बाण, फोटो. नवरा-बायको दोघं चष्मे लावून बसले.

"'छपराच्या आयुर्मानाबाबत साशंकता व्यक्त करण्यात येत आहे,'" मास्तरांनी वाचलं.

"म्हणजे पडणारे का?"

"तसं लिहिलं नाही."

"मग नाही पडणार?"

"तसंही लिहिलं नाही."

"अहो, मग एवढी पानं लिहिलीत कशाला?"

मास्तरांनी इंजिनिअरला फोन लावला आणि सरळ विचारलं, "साहेब, घेऊ का नको?" तो म्हणाला, "काका, ते मी नाही सांगू शकत. दिसलं ते लिहिलं. वाळवीचे वासे बदलता येतील, फरशी चालून जाईल. ती आतली भिंत मात्र ठेवायची नाही. ठरवायचं तुम्ही." मास्तरांनी फोन ठेवला. नोटिशीतले दोन महिने उरले होते. मेहुणा म्हणत होता सोडून द्या, बायको म्हणत होती घेऊन टाका, आणि अहवाल दोन्ही म्हणत होता. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय उजवेच कापले.

दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. कॉलर उलटून द्यायची होती. कॉलरची बाहेरची बाजू मळली की मास्तर ती उसवून आतली बाजू बाहेर करून देत. अशा कामाला हल्ली कोण येतं! त्यांनी कोट उजेडात धरला. मानेच्या जागी, केसांचं तेल लागून लागून, कडेने फिकट आणि मधे काळपट डाग पडला होता.

मास्तर खुर्चीतच बसून राहिले. मग खणातून अहवाल काढून त्यांनी एकोणिसावं पान उघडलं. फोटोखाली लिहिलं होतं: 'डाग. ओल आढळली नाही. कारण अज्ञात.'

कारण त्यांना कळलं होतं. एवढ्या एकतीस पानांत त्यांना नीट कळलेलं ते एकच होतं, आणि नेमकं तेच कुणी लिहिलेलं नव्हतं.

रविवारी ते एकटेच गावी गेले. मिस्त्री ओट्यावर बसून ओळंब्याच्या दोऱ्यातल्या गाठी सोडवत होता. मास्तरांना पाहून त्याला वाटलं, नाही म्हणायला आलेत.

"बोला मास्तर. मन मोडायला एवढं लांब कशाला आलात? फोन करायचा."

"मिस्त्री, भिंतीला डोकं टेकून कोण बसायचं?"

मिस्त्रीची बोटं थांबली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझा धंदा कॉलरींचा आहे."

मग मिस्त्री उठून आत गेला आणि मास्तर त्याच्यामागे. "सात वर्षं बायको इथंच होती," मिस्त्री सांगू लागला. "छातीचं दुखणं. आडवी झाली की धाप लागायची, म्हणून रात्रंदिवस बसून. बाहेरच्या भिंतीला ओल यायची आणि ती खोकून खोकून बेजार. तिला हलवू नका म्हणाले डॉक्टर. मग पाया कुठून खणू? खाट या कडेला सरकवली, तिला पांघरूण घातलं आणि चार दिवसांत भिंत उभी केली. आयुष्यभर लोकांना सांगितलं, पायाशिवाय वीट ठेवू नका. आणि स्वतःच्या घरात ठेवली." तो हसला. "ती खाटेवरून बघत होती ना! म्हणायची, ओळंबा लावा, वाकडी होतीय. मी म्हणायचो, गवंडी तू का मी? तीन दिवस भांडलो त्यावरून."

चोपन्न पायऱ्यांवर, दर मजल्याला धाप टाकत भिंतीला टेकणारी आपली बायको मास्तरांना दिसत होती.

"भिंत जाणार, हे मला ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाला. "साहेबांचं बरोबरच आहे. घर घ्या न घ्या, ती मीच उतरवतो. दुसऱ्याचे हात नकोत."

मास्तर पुढे झाले. गळ्यातला टेप काढून त्यांनी फरशीपासून डागापर्यंत माप घेतलं, त्यावर शिवणीत दाबायला कापड सोडतात तशी थोडी जागा सोडली, आणि खिशातल्या खडूने भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ मारली. मग तिथूनच इंजिनिअरला फोन केला.

"साहेब, भिंत आखूड केली तर चालेल का?"

"आखूड? म्हणजे?"

"म्हणजे पँट आखूड करतो तशी. वरून."

"तुळईपासून सुटी झाली, चार फुटांच्या वर ठेवली नाही, तर धोका नाही. पण काका, ठेवायचीच कशाला?"

मास्तरांनी फोन बंद केला. "मिस्त्री," ते म्हणाले, "रेघेच्या वरचं उतरवा. खालचं राहू दे. घर आम्ही घेतोय."

बायकोला न विचारता मोठा निर्णय घेण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. घरी येताच ते तिला सांगू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला आणि वर म्हणाली, "माझ्या गुडघ्यांचं माप नाही कधी घेतलंत एवढं मन लावून."

महिन्याभराने वासे बदलून झाले. व्यवहार पुरा करण्याआधी इंजिनिअर पुन्हा तपासायला आला. मास्तर आणि बायकोही आले होते. उत्तरेकडची भिंत आता छातीएवढी उरली होती. उतरवलेली वीट न् वीट मिस्त्रीने घासून अंगणात रचून ठेवली होती. खोलीत उजेड वाढला होता. बायको मिस्त्रीच्या जुन्या खाटेवर बसली, पाठ टेकली, आणि डागावर डोकं येतंय असं दिसताच हळूच बाजूला सरकली. मिस्त्रीने ते पाहिलं.

इंजिनिअर चक्रावला. "मला काहीच कळत नाही. तुळईला आधार नाही, खोली वेगळी करत नाही. अर्धी भिंत ठेवलीत कशाला? इथं उपयोग म्हणून रकाना आहे. काय लिहू?"

मास्तर मिस्त्रीकडे बघू लागले, मिस्त्री जमिनीकडे.

"लिहा, टेकायला," बायको म्हणाली.

इंजिनिअरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डागाकडे, आणि या वेळी काही न विचारता लिहिलं. मग सवयीप्रमाणे ओळंब्यासारखी सरळ रेघ टाकणारं यंत्र भिंतीला लावलं. लाल रेघ वरून खाली उतरली. तो घुटमळला. आज पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

"बाबा, ही... अर्ध्या इंचाने वाकडी आहे. लिहिलं नाही तरी चालेल."

मिस्त्री पुढे आला. खाली वाकून त्या लाल रेघेकडे बघत राहिला. त्याचा हात भिंतीच्या कडेवर टेकला होता. डोळे भरून आले तरी तो हसत होता.

"नाही, नाही. लिहा," तो म्हणाला. "तिचंच बरोबर होतं."