भट्टी निवते आहे
साम्राज्य बुडतं तेव्हा धरणी हादरते, असं जाणते सांगतात. आमच्या आरेलाक गावात ते बुडालं तेव्हा उर्सिनुस हमामाच्या भट्टीत ओकाची लाकडं सारत होता, आणि पायाखालची धरणी नेहमीसारखी कोमट होती. बातमी चार महिन्यांनी कांदेवाल्याबरोबर आली. उर्सिनुसला विशेष काही वाटलं नाही. सम्राटाने कधी लाकडं पाठवली नव्हती.

हमामाच्या फरशीखाली विटांचे गुडघाभर खांब होते आणि त्यांच्यामधून भट्टीची ऊब फिरायची. चाळीस वर्षं उर्सिनुस अनवाणी फरशीवर हिंडून तळव्यांनी आच जोखत आला होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं. मग डोंगरातला पाट फुटला, तो बुजवायला कुणी उरलं नव्हतं, आणि हमाम कोरडा पडला. तरी खांबांना ओल धरू नये म्हणून उर्सिनुस बारीक आच ठेवून होता. अशा वेळी, ऐन थंडीत, बिशप सेव्हेरियानने ती इमारत चर्चसाठी घेतली.

“भट्टी आजच विझव,” बिशप म्हणाला. “देवाच्या घराखाली नरक नको.”

“एकदम विझवली तर खांब तडकतात, बाबा. नऊ दिवस निववावी लागते.”

ही गोष्ट खरी होती. बिशपने नऊ दिवस दिले.

घरी लुपुलाने बार्लीची पेज वाढली. नवरा गप्प आहे म्हणजे भट्टी गेली, हे तिने ओळखलं. “त्या भोकात पाहिलंत तेवढं माझ्याकडे पाहिलं असतंत तर...” एवढं बोलून ती थांबली, कारण त्याने पेजेला हात लावला नव्हता. तिने मग मीठ पुढे सरकवलं, आणि नऊ दिवसांनी तो करणार काय, हे काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. बाहेर घोटाभर बर्फ. बिशप देहाच्या चोचल्यांवर बोलला. लोक आधी अदबीने उभे होते. मग एकेकाने जोडे काढले, गुडघे टेकले, आणि प्रार्थना संपली तरी कुणी उठेना. म्हाताऱ्या तर साष्टांग पडून राहिल्या. दुपारी गुंदिला नावाचा गॉथ टोळीवाल्यांचा नायक आला. त्याचा पंथ वेगळा, त्याचं चर्च नदीपलीकडे, आणि गारठलेलं. तो भिंतीशी मांडी ठोकून बसला आणि दिवेलागणीपर्यंत देवाविषयी त्याची काही तक्रार नव्हती. इतकी भक्ती पाहून बिशपचे डोळे भरून आले.

नवव्या दिवशी बिशप स्वतः भट्टीशी उतरला. अनवाणी.

“किती निवली?”

“उद्या सकाळी गार होईल, बाबा.”

बिशपने निखाऱ्यांपुढे हात धरले. “घाई करू नकोस,” तो म्हणाला. “खांब तडकायला नकोत.”

“मग किती दिवस लावू?”

“ईस्टरपर्यंत निवू दे.”

उर्सिनुसने दोन ओंडके आत सारले.

“हे निववणंच ना?” बिशपने विचारलं.

“हळूहळू निववणं, बाबा.”

त्या दिवशी उर्सिनुसने पेज दोनदा मागून घेतली. पुढची अकरा वर्षं दर शरद ऋतूत भट्टी निववायला सुरुवात व्हायची. सेव्हेरियानच्या वाणीचा लौकिक तीन खोऱ्यांत पसरला. लोक आजारी पोरांना कडेवर घेऊन ऐकायला यायचे. उन्हाळ्यात बिशप मौन पाळी. उर्सिनुस खाली भिंतीला पाठ लावून बसायचा, आणि वर प्रवचन रंगलं की एखादं लाकूड वाढवायचा.

एका सकाळी तो तसाच, पाठ टेकलेला, गेलेला सापडला. बिशपने त्याला हुतात्म्यांचा आणि जमीनदारांचा मान दिला: वेदीजवळ, फरशीखाली जागा. सहा जणांनी पहारींनी फरशी फोडली, चौदा खांब काढले, शवपेटी उतरवली आणि चोहोबाजूंनी माती भरून चोपली. लुपुलाने फरशीवर हात ठेवून पाहिला. “जागा त्यांच्या पसंतीची आहे,” ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात नव्या माणसाने भट्टी पेटवली. धूर फरशीखालून उर्सिनुसपर्यंत गेला आणि मागे फिरला. बिशप देहाच्या चोचल्यांवरच बोलला. प्रवचनाला सात माणसं होती, पायात जोडे घालून.