वाचलेली बाजू

चमच्याच्या टोकाचा पेजेचा थेंब विल्सनच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला, आणि त्याला ते कळलंच नाही. फ्लाव्हियाने तो नॅपकिनने टिपला. लकव्याचा झटका आल्यापासून तिच्या नवऱ्याला एकच शब्द उरला होता : ता. पाण्याला ता, दुखण्याला ता... तिलाही ता.

आणि गेल्या आठवड्यात एस्पेरांसा त्याला बघायला आली. लग्नाआधी चर्चच्या कॉयरमध्ये त्याच्या शेजारी उभी राहून गाणारी. ती सहज मेरीमायचं जुनं गाणं गुणगुणली, आणि विल्सन गायला. शब्दांसकट, न अडखळता!

डॉक्टर म्हणाले, "बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला, गाणं बरंचसं उजवीकडे. ती बाजू वाचलीय." फादर म्हणाले, आत्म्याला लकवा मारत नाही. पुण्यात मानसशास्त्र शिकणारी डेलिशा फोनवर म्हणाली, "मम्मी, लहानपणी घोकलेलं खोल जातं, एवढंच." तिघांनी त्याचं डोकं आपापसात वाटून घेतलं, पण इतकी वर्षं ह्या माणसाच्या कुशीला झोपून आपण मात्र बुडालेल्या बाजूला राहिलो — बाजारातून काय आणू, पंखा बंद कर, ह्या बोलण्याच्या बाजूला — हे कुणाच्या शास्त्रात बसत होतं? आणि छातीत हे जे जळतंय... ते मेंदूच्या कुठल्या बाजूला?

आज एस्पेरांसा पुन्हा आली. गाताना विल्सनचा डावा हात तिच्या मनगटावर ताल धरू लागला.

"पुरे गो. दमलो तो," फ्लाव्हिया म्हणाली.

"दमलो खंय? बघ, कसो हसता!"

"उद्या येव नको."

"कित्याक गो?"

फ्लाव्हियाने जाऊन दार उघडलं. एस्पेरांसाने चपला घातल्या आणि ती निघून गेली.

विल्सन दाराकडे बघत राहिला. "ता..."

तेव्हा फ्लाव्हिया एस्पेरांसाच्या अजून ऊबदार खुर्चीत बसली आणि — कधी सुरात न गायलेली ती — तेच गाणं गायला लागली. दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फुटला. विल्सनने मात्र तिथूनच गाणं उचललं, डोळे मिटले. ती थांबली, त्याला कळलंही नाही. तो एकटाच पुढे गेला, शेवटपर्यंत.

म्हणजे त्या गाण्यात एस्पेरांसाही नव्हती... कुणीच नव्हतं. एस्पेरांसावरचा राग कुठे गेला ते फ्लाव्हियाला कळेना. जळणं मात्र गेलं नव्हतं. आता ते त्याच्यावर होतं, त्या मिटलेल्या डोळ्यांवर. माझं सगळं बुडालं तर, देवा, माझ्यात काय वाचेल? ती स्वतःच्या आत चाचपत राहिली, आणि तो पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागला.