दुसऱ्या बाजूच्या शेवटी भैयाजी

मित्रांनो, मी सणाच्या गाण्यांची जुनी कॅसेट आहे, म्हणजे होते. आता नुसता पट्टीचा गुंता उरले आहे. माझी कहाणी ऐका, पण माझी कीव करू नका. मला राग आला आहे.

शाहीर जागेश्वर यांची दिवाळीची आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेची बारा गाणी माझ्यात होती. मी निघाले त्या वर्षी गोंदियाच्या बाजारात माझ्यावर उड्या पडल्या. कामठ्याच्या भैयाजींनी मला त्यांच्या बायकोसाठी, गीताबाईंसाठी घेतलं. दिवाळीच्या सारवणापासून मंडईपर्यंत मी वाजत असे. ऐकायला शेजारीपाजारी ओट्यावर येऊन बसत. मी जरा फुशारून जात असे, कबूल करते.

दुसऱ्या बाजूला गाणी संपल्यावर थोडी पट्टी कोरी होती. एका दिवाळीत भैयाजींनी माझ्यात नवा आवाज भरता यावा म्हणून माझ्या पाठीवरच्या खाचेवर कागद चिकटवला आणि टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटन दाबलं.

"गीता, गाणे सरले. आता तू गा!"

"बंद करा जी ते! पट्टी वाया जाऊन राहिली!" गीताबाई ओरडल्या, आणि दोघंही पोट धरून हसले.

तेवढंच. पण सहा वर्षांपूर्वी भैयाजी गेले आणि त्यांचा आवाज फक्त माझ्याजवळ उरला. गीताबाई दर दिवाळीला मला शेवटपर्यंत ऐकत, मग पदराने पुसून डब्यात ठेवत. मला वाटे, या बाईच्या हाती मी सुखरूप आहे.

पुढे टेप बिघडला तो बिघडलाच. गेल्या वर्षी रीता सून म्हणून घरात आली. तिने तीच गाणी मोबाइलवर शोधून काढली. गीताबाईंनी विचारलं, "आखरीपर्यंत सारं आहे ना?"

"सारं आहे, आई. बाराही गाणे."

रीताने मला कधी ऐकलंच नव्हतं, तिला भैयाजींच्या आवाजाचं काय माहीत? गीताबाईंना मात्र वाटलं, माझ्यातलं सगळंच मोबाइलात आलं. एकदा लावून पाहायचं तरी! पण नाही. "आता दिवाळीलेच ऐकीन," म्हणाल्या.

तेव्हा धानाच्या लोंब्यांत दूध भरत होतं आणि पोपटांचे थवे उतरत होते. चमकती पट्टी वाऱ्यावर फडफडली की पाखरं बिचकतात. गीताबाई मला घेऊन घरामागच्या बांधीत, धानाच्या शेतात, गेल्या आणि स्वतःच्या बोटांनी माझी पट्टी ओढून या काठीपासून त्या काठीपर्यंत बांधत सुटल्या. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी सोसलं असतं. पण यांनी माझा केसाने गळा कापला. वर कौतुकही झालं, "यंदा मिट्ठू फिरकलेच नाही!" असलं कौतुक कुणाला हवं होतं?

दिवाळीला ओट्यावर मोबाइल वाजला. बारावं गाणं संपलं. रीता मोबाइल उचलायला गेली, तर गीताबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. आता ते बोलतीन."

मोबाइलवर साबणाची जाहिरात लागली.

गीताबाई अनवाणी बांधीत धावल्या. उन्हाने, दवाने माझे तुकडे झाले होते. दोघींनी चिखलातून एकेक तुकडा वेचला आणि गोंदियाला मुन्नालाल रेडिओवाल्याकडे नेला. त्याने जोडजाड करून लावून पाहिलं. नुसती खरखर.

"अम्मा, इसमें अब कुछ नहीं बचा," तो म्हणाला.

गीताबाईंनी मला ओंजळीत घेतलं. "तुले तं माहीत होतं! काऊन नाही सांगितलं माले?"

मित्रांनो, मी कशी सांगणार? कुणी लावल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिच्यात काय आहे ते स्वतः एकदा शेवटपर्यंत पाहा. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नका.

गीताबाईंना मी माफ केलेलं नाही. त्यांनीही स्वतःला केलेलं नाही. यंदाच्या दिवाळीला रीताने भीत भीत विचारलं, "आई, गाणे लावू?"

गीताबाईंनी मोबाइल पालथा ठेवला. त्या घरात गाणं लागलं नाही.